मंजरथला मांजरा नाही

पाटोदा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी भूगोल शिकवतो. परवा सहावीच्या तासाला एका मुलीनं विचारलं, "सर, मंजरथला मांजरा मिळती का गंगंला?"

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी. पुस्तकात गोदावरी वाचून झाली तरी पोरांच्या तोंडी गंगाच येते, आणि ती मी कधी दुरुस्त करत नाही.

मंजरथ हे नाव ऐकून कुणालाही तिथं मांजरा नदीच मिळते असं वाटेल. पण माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते ती सिंदफणा. तिचा उगम आमच्याच तालुक्यातल्या चिंचोलीच्या डोंगरात. आणि मांजराही इथलीच, गवळवाडीजवळची. माहेर एकच, जायचंही एकाच नदीला. सिंदफणा बीड जिल्ह्यातच गंगेला गाठते. मांजरा मात्र ७२४ किलोमीटर चालून.

"असं का, सर?"

मधे बालाघाट आहे म्हणून. सिंदफणेचं पाणी रांगेच्या उत्तर अंगाला उतरलं, मांजरेचं दक्षिण अंगाला. मग डोंगराच्या कडेकडेनं आग्नेयेला जाण्यावाचून तिला वाट नाही. धनेगावचं धरण, लातूर जिल्हा, पुढं बिदर, तेलंगणा. हेच धनेगाव आटलं तेव्हा, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पोरं तेव्हा तान्ही असतील, पण घरोघरी ती गोष्ट माहीत आहे. तेलंगणात मांजरा उत्तरेला वळते आणि कंदकुर्तीला गोदावरीत शिरते.

दुसऱ्या दिवशी मी राखीचा लाल दोरा नेला. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर पोरांनी तो मांजरेच्या निळ्या रेघेवर वळणावळणानं बसवायला घेतला. एकजण दोरा दाबून धरी, दुसरा पुढं सरकवी. लातूर जिल्हा संपला आणि रेघही संपली. पलीकडं पांढरा कागद. तेवढ्यात कुणीतरी वर बोट ठेवलं. नांदेड जिल्ह्याच्या कडेला, बिलोलीजवळ, पुन्हा "मांजरा".

"सर, मांजरा दोन हायेत!"

एवढी वर्षं हा नकाशा माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला आहे. त्यावर मांजरा दोन दिसतात हे मला कधी सुचलं नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं. राज्याची हद्द संपली की नदीही संपते, असंच आपण मुलांना दाखवत आलो.

भारताचा नकाशा आणून टेबलावर पसरला. बिदर सापडलं, मांजरेवरचं निजामसागर धरण सापडलं, वळण सापडलं. ती मुलगी तशीच उठली, बाकावर चढली आणि भिंतीवरच्या नकाशाच्या पांढऱ्या भागात पेन्सिलनं एक मोठा वळसा काढून दोन्ही टोकं जोडली. ती रेघ मी पुसू दिलेली नाही.