‘स्कॅनरमध्ये कोड नाही’: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पंपाचा माझा अनुभव

‘स्कॅनरमध्ये कोड नाही, म्हणजे गाडीत प्रॉब्लेम नाही.’ सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकलेलं हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं. (स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र.)

तक्रार साधी होती. गाडी चांगली तापली की रिव्हर्समधून ‘डी’मध्ये टाकल्यावर क्षणभर नुसती उभी राहायची, मग धक्का देऊन निघायची. हायवेवर त्याच वेगाला आरपीएम पूर्वीपेक्षा जास्त, मायलेज उतरलेलं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले क्लच ऑइलच्या दाबावर धरले जातात आणि तो दाब पंप तयार करतो. बहुतेक गाड्यांत हा पंप टॉर्क कन्व्हर्टरबरोबर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), म्हणजे इंजिनच्याच वेगाने फिरतो. टॉर्क कन्व्हर्टर भरलेला ठेवणं, वंगण, कूलरकडे ऑइल धाडणं, सगळं त्याच्याच जिवावर. तो झिजला की दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळालेल्या इंधनातला काही भाग नुसत्या उष्णतेत जातो.

माझ्या गाडीत हा दाब मोजणारा सेन्सरच नाही. मग स्कॅनरला दिसणार काय? हे काउंटरवर पुन्हा पुन्हा सांगितलं. उत्तरं मात्र बदलत गेली: ऑइल बदलून बघू, सॉफ्टवेअर अपडेट करू, आणि शेवटी थेट ‘अख्खा गिअरबॉक्स बदला’. मी म्हटलं, आधी लाइन प्रेशर, म्हणजे पंपाने तयार केलेला ऑइलचा मुख्य दाब, तपासा. केसिंगवरचा प्लग काढून तिथे गेज लावायचं, एवढंच ते काम. त्यावर ‘गेज मागवावं लागेल’, मग ‘तो मेकॅनिक रजेवर आहे’. गाडी तशीच पडून. अख्खा गिअरबॉक्स उतरवायला तयार असलेल्या माणसांना एक गेज लावणं का जड जावं?

अखेर एका जुन्या मेकॅनिकने गेज जोडलं. थंड असताना दाब ठीक. ऑइल तापल्यावर आयडलला काटा मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली, रेस दिली की वर. ऑइलची पातळी, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) ठीक निघाले. पंप उघडला तर गिअर आणि प्लेटवर खोल चरे. इतके दिवस मी जे सांगत होतो ते डोळ्यांसमोर होतं!

पंप बदलला. आता ‘डी’ टाकताच गाडी निघते, आरपीएमही खाली आलं.

‘जास्त दाबाचा पंप टाकू का?’ असंही कोणीतरी विचारलं. मी नको म्हटलं. पंप स्वतःही इंजिनची ताकद खातो. गरजेपेक्षा जास्त दाब म्हणजे जास्त इंधन. म्हणूनच अनेक नव्या गिअरबॉक्समध्ये गरजेपुरतंच ऑइल देणारे व्हेन (पात्यांचे) पंप येतात.

बसवतानाची एक गोष्ट राहिली: टॉर्क कन्व्हर्टर पंपाच्या खाचेत पूर्ण बसलाय का, हे बोल्ट आवळण्याआधी मोजून घ्यायला लावा. नाहीतर नवा पंप तिथेच फुटतो. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत रेसबरोबर चढणारा गुणगुणाट ऐकू आला तर ऑइलची पातळी आणि फिल्टर लगेच बघा. पंप हवा ओढत असू शकतो. आणि बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेऊ देऊ नका, फ्लॅटबेड मागवा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतल्या भागांना वंगण नाही.