पखवाज मांडीवर घेऊन बसा

गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा

आज सकाळी काका-काकूंबरोबर हॉस्पिटलात गेले होते, आत्ता जेवून आवरून बसलीये पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून ठेवते.

काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, वय 68, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मंगळवारी त्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की काही महिने पोटावर बॅग लावावी लागेल. काही महिनेच, असं काकूंनी मला काल चार वेळा सांगितलं, मी चारही वेळा हो हो म्हणलं. काल संध्याकाळी त्या वर आल्या, दार लोटून घेतलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुलाही आहे ना गं ते?" सहा वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला, सगळ्या बिल्डिंगला माहितीये, पण तोंडावर विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात धरूनच बसले.

म्हणलं काकू, मला एकच सांगा, पोटावर बॅगच्या जागेची खूण कुठे करायची ते कुणी बघितलंय का? त्यांना कळेचना मी काय विचारतीये ते. मग त्यांना माझं सगळं सांगितलं.

माझ्या वेळी खूण झाली ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, स्ट्रेचरवर, आडवं असताना. आडवं झालं की पोट कुणाचंही सपाटच दिसतं. उठून बसल्यावर कुठे वळी पडते, परकराची नाडी कुठे येते, निऱ्या कुठे खोचते हे कुणीच विचारलं नाही, आणि मला तरी काय माहीत की हे सांगायचं असतं. माझा स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, नेमका नाडीच्या रेषेत आला, बसलं की वळीत जायचा, त्यामुळे फ्लॅन्ज (बॅगची कातडीला चिकटणारी चकती) एका बाजूने उचलली जायची आणि गळायचं. पहिलं वर्ष त्या गळण्यातच गेलं. भाच्याच्या मुंजीत ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लक्षात आलं की पैठणीला ओल लागलीये, अक्षता हातात तशाच ठेवून कार्यालयाच्या मागच्या दारातून बाहेर आले आणि रिक्षाने घरी, त्यानंतर दीड वर्ष कुठल्याही कार्याला गेले नाही. आतड्याचं ऑपरेशन सर्जनने उत्तमच केलं होतं, आज मी आहे ती त्यांच्यामुळे, पण पेनाची एक खूण दोन बोटं वर झाली असती तर माझं ते दीड वर्ष वाचलं असतं हे मी कुणालाही सांगेन. पुढे दुसरीकडच्या एका स्टोमा सिस्टरने (स्टोमा कसा सांभाळायचा ते शिकवणारी नर्स) मला खुर्चीत बसवून पोट बघितलं (पहिल्यांदाच बसवून!) आणि फुगीर फ्लॅन्ज आणि कमरेचा पट्टा दिला, तेव्हा कुठे गळणं थांबलं.

त्याच सिस्टरनी मला सांगितलं होतं की हे शिकवायचं काम ज्या बाईने सुरू केलं त्या नॉर्मा गिल, अमेरिकेत क्लीव्हलँडला, त्यांना स्वतःलाच स्टोमा होता, त्यांचे सर्जन डॉ. टर्नबुल यांनी 1958 साली त्यांना पेशंटना शिकवायच्या कामावर घेतलं. आणि चिकटणारी बॅग सुचली ती एलिसे सोरेनसेन या डेन्मार्कच्या नर्सला, 1954 मध्ये, कारण त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं आणि गळेल या भीतीने ती घराबाहेर पडायला घाबरायची. म्हणजे एक स्वतः पेशंट, दुसरी पेशंटची बहीण. ते ऐकल्यापासून माझ्या मनात आहे की कुणी विचारलं तर आपण जायचं.

तर आज. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी काकांना आधी आडवं केलं, मग बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, पायजमा नेहमीसारखा बांधून दाखवा म्हणाल्या. काका बिचारे सांगतील तसं करत होते पण तोंडातून शब्द नाही. मला राहवेना, मी म्हणलं सिस्टर, हे पखवाज वाजवतात, मांडी घालून, दोन दोन तास. सिस्टर थांबल्या आणि म्हणाल्या, मग पखवाज मांडीवर घेऊन बसा, मला बघू दे.

पखवाज कुठून आणणार, काकांनी तपासायच्या पलंगावर मांडी घातली आणि तिथली उशी आडवी मांडीवर घेतली. हात दोन्ही बाजूंना ठेवले आणि ठेवल्या ठेवल्या बोटं आपोआप हलायला लागली, उशीवर, आवाज नाही, फक्त उजव्या हाताची बोटं आणि डाव्याचा पंजा. काकूंनी पदर तोंडाला लावला. सिस्टर खाली वाकून बघत होत्या, उशी पोटाला कुठे टेकते, वळी कुठे पडते, नाडी कुठे येते, मग बेंबीच्या उजवीकडे जरा वरच्या अंगाला मार्करने गोल केला आणि विचारलं, काका, मान वाकवून दिसतंय का तुम्हाला? कारण दिसलं नाही तर स्वच्छ कोण करणार, रोज काकूंनीच करायचं का. काकांनी चष्मा लावला, बघितलं, "दिसतंय" म्हणाले. सकाळपासूनचा पहिला शब्द. खूण पुसू नये म्हणून सिस्टरनी वर पारदर्शक पट्टी लावली आणि एक बॅग तिथे चिकटवून त्यात थोडं पाणी घालून दिलं, उद्यापर्यंत ही घालून घरात वावरा, झोपा, वाजवा, कुठे टोचलं किंवा अडलं तर सकाळी या, खूण अजून हलवता येईल म्हणाल्या.

येताना रिक्षात काकूंचे प्रश्न सुरू झाले. खरं तर माझं आणि काकांचं वेगळं आहे, माझा मोठ्या आतड्याचा, डावीकडे, कायमचा, खाली शिवून टाकलेलं, त्यांचा लहान आतड्याचा, तात्पुरता. माझं बरंचसं नेहमीसारखं घट्ट असतं, त्यांचं पातळ येणार, दिवसातून कितीतरी वेळा रिकामी करावी लागणार, बॅग तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की लगेच, वजनाने ओढली जाईपर्यंत थांबायचं नाही. आणि पातळ फार व्हायला लागलं तर घरातले सगळे पाणी पी पाणी पी करतात, पण लहान आतड्याच्या स्टोमात नुसतं साधं पाणी ढोसलं तर उलट अजून वाहतं कारण मीठ निघून जातं, तिथे ओआरएस लागतं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, लघवी कमी झाली, चक्कर आली तर घरी बसायचं नाही, डॉक्टरांना फोन. हे मी काकूंच्या डायरीत माझ्या हाताने लिहून दिलं. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे पहिले सहा आठ आठवडे नकोत, अडकतात, नंतर थोडं थोडं आणि भरपूर चावून. भात, केळं, साबुदाण्याची खीर चालेल. एकादशीचा प्रश्न तिथेच सुटला म्हणून काकू जरा हसल्या. पखवाज उचलायचा नाही मात्र, वाजवा कधी ते डॉक्टर सांगतील पण उचलून कुणीतरी दुसऱ्याने द्यायचा, नाहीतर स्टोमाच्या बाजूने हर्निया होऊ शकतो.

स्टोमाला हात लावला तर दुखतं का, विचारलं. नाही दुखत, त्याला ती जाणीवच नसते. लालभडक आणि ओला असतो, तोंडाच्या आतल्या बाजूसारखा, पुसताना थेंबभर रक्त आलं तरी घाबरायचं नाही, काळा निळा पडला तर मात्र लगेच पळायचं. सुरुवातीला सुजलेला असतो, दीड दोन महिने लहान होत जातो, त्यामुळे दर वेळी मापाच्या कार्डाने मोजून फ्लॅन्जचं भोक कापायचं, स्टोमापेक्षा दोन तीन मिलीमीटरच मोठं, एकदा कापलेलं माप कायमचं धरून बसलं की मधली कातडी उघडी पडते आणि सोलून निघते. मी तशीच सोलून घेतली होती. आणि त्यावर आईने मायेने खोबरेल लावलं, मग काय, फ्लॅन्ज चिकटेच ना. साधं कोमट पाणी, नीट कोरडं करायचं, बस. वापरलेली बॅग आधी संडासात रिकामी करून वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर लाल ठिपका, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना कळायला.

शेवटी दांडेकर पुलाच्या सिग्नलला काकूंनी तो प्रश्न विचारला ज्याची मी कालपासून वाट बघत होते. "देवाचं केलेलं चालेल का गं यांना? भजनाला बसलेलं?"

मला माझ्या सासूबाई आठवल्या. कडक सोवळ्यातल्या बाई. ऑपरेशननंतर मी देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबायला लागले, पाच सहा दिवस त्यांनी बघितलं आणि मग ताम्हन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "अगं पोटात सगळ्यांच्याच असतं, तुझं जरा बाहेरच्या पिशवीत आलंय. गणपती पूस." मी काकूंना जशाच्या तशा सांगितल्या त्या. काकू काही बोलल्या नाहीत, डायरी उघडली आणि तेही लिहून घेतलं, ओआरएसच्या खाली.

एक गोष्ट सांगायची राहिली, आत्ता आठवली. काकांचं आतडं खाली जोडलेलं असणार, त्यामुळे बॅग असताना सुद्धा अधूनमधून संडासला लागल्यासारखं होईल, थोडा चिकट आव पडेल. मला तर खालचं काढून टाकलेलं असूनही तसं व्हायचं, रात्री तीनला उठून बाथरूममध्ये जाऊन बसायचे आणि वाटायचं वेड लागतंय मला. बऱ्याच जणांना होतं ते, कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. उद्या सकाळी दूध आणायला जाताना सांगते, मंगळवारच्या आत हे सांगायलाच हवं.

आत्ता खालून पखवाज ऐकू येतोय. हळू, दार लावून वाजवतायत बहुतेक. काकूंचा मेसेज आलाय, "एक तास झाला बसलेत. बॅग हलली नाही."