हळदीचा स्वभाव

फोडणीत हळद कधी पडते यावरून स्वयंपाक करणाऱ्याचा हात ओळखावा. मोहरी तडतडली, हिंग फुलला की गॅस बारीक करायचा, पाव चमचा हळद टाकायची आणि तिच्या पाठोपाठ लगेच कांदा, भाजी किंवा शिजलेली डाळ ओतायची. तेलातून धूर निघत असेल तर बघता बघता हळद तपकिरी होते आणि तो कडवटपणा मग कितीही गूळ घातला तरी जात नाही. हळद घालायची राहिली म्हणून वरणावर कोरडीच भुरभुरली, तर मातकट वास येतो आणि रंगही धड चढत नाही. तिला तेल-तूप लागतं, थोडी धग लागते, पण करपलेलं मुळीच खपत नाही.

याला कारण कर्क्युमिन. हळदीचा पिवळा रंग याच द्रव्याचा, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात मात्र चटकन उतरतं. म्हणून गरम दुधात हळद नुसती ढवळली की ती पेल्याच्या तळाशी गाळ होऊन बसते आणि शेवटचा घोट घशाशी अडकतो. त्याऐवजी पातेल्यात अर्धा चमचा तूप कोमट करावं, त्यात पाव चमचा हळद आणि दोन-तीन मिरीदाण्यांची भरड घालावी, सुगंध सुटला की कपभर दूध ओतून बारीक आचेवर चार-पाच मिनिटं उकळावं. गूळ घालायचा तर पातेलं उतरवून, दूध जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं आणि बोल हळदीला लागतो.

मिरी केवळ चवीला नाही. कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारसं उतरत नाही, यकृत त्याची झटपट विल्हेवाट लावतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा ते रक्तात सुमारे वीसपट सापडलं. आता घरचा हिशेब करा. सपाट चमचाभर पूड म्हणजे साधारण 3 ग्रॅम, त्यात तीन टक्के धरलं तर कर्क्युमिन जेमतेम 90 मिलिग्रॅम. दुधात तर आपण याच्या पाव हिस्साच घालतो. गुडघेदुखीच्या चाचण्यांत काहींना आराम पडला तो रोज हजार-दीड हजार मिलिग्रॅम अर्क घेऊन. तेव्हा रात्रीचं हळदीचं दूध खुशाल प्यावं, घसा शेकतो, बरं वाटतं. पण ‘पी हळद अन् हो गोरी’ असा हिशेब त्याच्याकडून मागू नये.

उलट, दूध पुरत नाही म्हणून अर्काच्या गोळ्या मनानेच सुरू करणं हा त्याहून मोठा उतावीळपणा. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. भाजी-आमटीतल्या हळदीला हा धाक नाही.

जखमेवर हळद दाबण्याची सवयही तपासून पाहण्यासारखी आहे. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं, आणि मूळचे गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख असताना या संस्थेने ते लढवून 1997 मध्ये रद्द करवलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण पेटंट रद्द झालं ते ‘हे ज्ञान जुनंच आहे’ म्हणून. डब्यातली पूड जखमेत भरावी असा दाखला त्यातून मिळत नाही. ती पूड निर्जंतुक नसते. किरकोळ खरचटलं तर साबण-पाण्याने धुणं पुरतं, आणि खोल जखमेत हळद भरली तर टाके घालणाऱ्याला आधी ती उपसत बसावं लागतं.

पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावताच डाग लालभडक झाला, तर घाबरू नये. क्षार लागला की कर्क्युमिन लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकवाचा लाल रंग आणतात तो याच गुणावर. साबण पूर्ण निघाला की पिवळा रंग परत येतो. मग कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाकावा. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. एका दिवसात डाग फिका पडतो, हट्टी असेल तर पुन्हा भिजवून दुसरं ऊन द्यावं. ब्लीच कशाला हवं! याच कारणाने हळदीची काचेची बरणी खिडकीत शोभेला ठेवू नये.

बाजारातली पूड ही आधीच शिजलेली असते. सांगलीकडे काय, वसमतकडे काय, खणलेले कंद आधी उकळतात, मग उन्हात खडखडीत वाळवतात. शंभर किलो ओल्या हळदीतून वीसेक किलो हळकुंडं हाती येतात. हळकुंड घ्यावं ते कटकन मोडणारं, आत गर्द नारिंगी. वरून फारच चकचकीत पिवळं असलं आणि बोटाला रंग लागला तर सोडून द्यावं, कारण अशी चकाकी आणायला लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग चोळल्याची उदाहरणं आहेत.

थंडीत मंडईत ओली हळद येते तिचं लोणचं मात्र चुकवू नये. पाव किलो हळद धुऊन, चमच्याने खरवडून सोलावी आणि फडक्यावर दोन तास पसरावी. ओल राहिली की हमखास बुरशी. चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेलाचा हात फिरवावा, नाहीतर आठवडाभर बोटं पिवळी. काड्या करून त्यात तीन मोठे चमचे मीठ, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, चार-पाच लिंबांचा रस, आणि अर्धी वाटी तेलाची हिंगाची फोडणी पूर्ण गार करून घालावी. पहिले दोन दिवस ते तुरट लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिंबू आत मुरलं की दहीभाताशी वाढायला घ्यावं.