तुम्ही विचारलेत म्हणून: ‘ट्विन पीक्स’ आधीपासून ठरलेले होते का?

‘ट्विन पीक्स’ ही अमेरिकन मालिका मी कुणाला पाहायला सांगितली की महिन्याभरात एक प्रश्न हमखास माझ्याकडे परत येतो. विचारणारा बहुधा दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर पोहोचलेला असतो आणि थोडा चिडलेलाही असतो. “हे सगळे त्यांनी आधी ठरवले होते, की सुचेल तसे दाखवत गेले?” या चिडण्यात मला काही गैर वाटत नाही. ज्याने इतके तास एका गोष्टीला दिले, त्याला ती सांगणाऱ्यांच्या हातात दोर होता की नाही, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी मारेकऱ्याचे नाव मात्र लिहीत नाही.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी निर्माण केलेली ही मालिका ८ एप्रिल १९९० रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या, लाकडाच्या गिरणीवर जगणाऱ्या एका गावात लॉरा पामर या शाळकरी मुलीचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मृतदेह पाण्याच्या काठी सापडतो, आणि तपासासाठी एफबीआयचा डेल कूपर हा अधिकारी तिथे येतो. खुनाचा तपास म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू स्वप्ने, दुष्टात्मे आणि लाल पडद्यांच्या एका खोलीकडे वळते. दोन पर्वांचे मिळून ३० भाग झाले आणि १० जून १९९१ रोजी मालिका संपली.

आता प्रश्नाकडे येते. यातले फारच थोडे आधी ठरलेले होते. इतकेच काय, या मालिकेतला सर्वांत भयंकर दुष्टात्मा, बॉब, हा मूळ आराखड्यात नव्हताच. बॉबची भूमिका करणारे फ्रँक सिल्वा हे अभिनेते म्हणून तिथे आलेले नव्हते. सेटवर सामान लावण्याचे काम त्यांच्याकडे होते. पहिल्या दीर्घ भागाच्या चित्रीकरणाच्या वेळी ते लॉराच्या खोलीतले सामान हलवत असताना कुणीतरी त्यांना म्हणाले, की बघ, स्वतःलाच आत कोंडून घेशील. ते शब्द लिंच यांच्या कानावर पडले आणि त्या खोलीत अडकलेला हा लांब केसांचा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी सिल्वा यांना पलंगाच्या पायथ्याशी दबा धरून बसवले आणि एक दृश्य टिपून घेतले. ते कशासाठी, हे त्यांना स्वतःलाही तेव्हा सांगता आले नसते. पुढे लॉराच्या आईच्या किंकाळीचे दृश्य झाले. लिंच खूश होते, पण कॅमेरा चालवणाऱ्याने दृश्य बिघडल्याचे सांगितले, कारण आरशात कुणाचे तरी प्रतिबिंब आले होते. चौकशी केली तेव्हा ते सिल्वा यांचे निघाले.

दुसरा कोणताही दिग्दर्शक ते दृश्य पुन्हा घेता. मी तो क्षण अनेकदा थांबवून पाहिला आहे. लॉराच्या आईची भूमिका करणाऱ्या ग्रेस झाब्रिस्की सोफ्यावरून दचकून उठतात, चेहरा वेडावाकडा होतो, आणि मागच्या आरशात, लक्ष देऊन शोधल्याशिवाय सापडणार नाही असा, तो चेहरा असतो. पहिल्यांदा पाहताना तो मला दिसला नव्हता, पण खोलीत काहीतरी आहे हे मात्र जाणवले होते. मालिकेच्या पुढच्या सगळ्या भीतीचा उगम त्या न पुसलेल्या चुकीत आहे.

लॉराच्या भूमिकेचेही असेच झाले. शेरिल ली या सिॲटलच्या रंगभूमीवर काम करणाऱ्या अभिनेत्रीला केवळ मृतदेह म्हणून घेतले होते. थंडीत, किनाऱ्यावर, डोळे मिटून पडून राहण्याचे ते काम होते. सहलीच्या एका चित्रफितीत तिला थोडेसे नाचताना टिपले आणि लिंच यांना तिच्यात जे दिसले, त्यापुढे तिला मेलेलीच ठेवणे त्यांना परवडेना. म्हणून लॉरासारखीच दिसणारी मॅडी ही मावसबहीण लिहिली गेली. लाल पडद्यांची खोलीसुद्धा खरे तर एका व्यावहारिक गरजेतून आली: परदेशात पहिला भाग स्वतंत्र चित्रपट म्हणून विकता यावा यासाठी करारानुसार त्याला एक बंदिस्त शेवट जोडणे भाग होते, त्या शेवटासाठी ती खोली उभारली गेली, आणि मग तेच चित्रण तिसऱ्या भागात कूपरचे स्वप्न होऊन आले.

म्हणजे ठरलेले नव्हते, हे खरे. पण या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: अपघात घडला तेव्हा तो ओळखणारा माणूस सेटवर हजर होता आणि ते दृश्य ठेवायचे की टाकायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. माझे सगळे उत्तर या हजेरीभोवती फिरते, कारण ३० भागांपैकी लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले भाग फक्त ६ आहेत.

मारेकरी कोण, हे रहस्य लांबवत न्यावे, जमल्यास सोडवूच नये, अशी लिंच यांची इच्छा होती. वाहिनीला उत्तर हवे होते. नोव्हेंबर १९९०मध्ये ते दिले गेले. उत्तर देणारा तो भाग लिंच यांनीच दिग्दर्शित केला आणि तो असा आहे की आजही मी तो रात्री एकटी पाहत नाही. त्यानंतर थेट शेवटच्या भागापर्यंत ते दिग्दर्शनाला परतले नाहीत. मधल्या १४ भागांत अनेक कथानके सुरू झाली आणि विरली. लॉराच्या प्रियकराला, जेम्सला, त्याची मोटारसायकल एका श्रीमंत बाईच्या घरी घेऊन गेली, हॉटेलमालक बेन हॉर्न अमेरिकन यादवी युद्धाचे खेळ मांडून बसला. यांच्याविषयी मला विशेष काही म्हणायचे नाही.

मला म्हणायचे आहे ते ऑड्री आणि कूपर यांच्याविषयी, कारण सोडून दिलेल्या कथानकांपैकी याच एका कथानकाची उणीव मला अजून जाणवते. शेरिलिन फेनची ऑड्री ही हॉटेलमालकाची लाडावलेली, एकाकी मुलगी आहे. पहिल्या पर्वात एका रात्री कूपर आपल्या खोलीत येतो तर ती त्याच्या अंथरुणात वाट पाहत असते. तो तिला हाकलत नाही आणि फायदाही घेत नाही. तुला आत्ता मित्राची गरज आहे असे सांगून तो दोघांसाठी खायला आणायला निघतो, म्हणजे तिला मनातले बोलता येईल. या एका दृश्यात दोघांचाही स्वभाव पूर्ण कळतो. लेखकांचा बेत हे नाते पुढे नेण्याचा होता. प्रेक्षकांनाही तेच हवे होते. कूपरची भूमिका करणाऱ्या काइल मॅक्लाक्लन यांचा मात्र त्याला विरोध होता. आपला नायक शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी पुढे मुलाखतींतही सांगितले आहे. बेत रद्द झाला.

मला त्यांचे म्हणणे पटते. ते अंथरुणाचे दृश्य तरी दुसरे काय सांगते? पण एक बेत रद्द केल्यावर त्या जागी काय उभे करायचे, याचा विचार तितक्या गांभीर्याने झाला नाही. कथेच्या शेवटासाठी कूपरच्या प्रेमातली एक स्त्री हवी होती, कारण तिलाच ओलीस धरून खलनायक त्याला त्या लाल खोलीत खेचणार होता. म्हणून मालिका संपायला जेमतेम काही भाग उरले असताना हेदर ग्रॅहॅमची ॲनी आली. नुकतीच मठातून बाहेर पडलेली, हळवी, गोड. ऑड्रीसाठी एक तरुण उद्योगपती विमानातून उतरवला गेला. हेदर ग्रॅहॅमने तिच्या वाट्याला आले ते मनापासून केले आहे, पण आपण जिला वीसहून अधिक भाग ओळखत आहोत ती मुलगी आणि जिला कालच भेटलो ती मुलगी, यांच्यासाठी वाटणारी काळजी सारखी कशी असेल?

जोसीची गोष्ट याहून वाईट. गिरणीची मालकीण असलेल्या जोसीची भूमिका करणाऱ्या जोन चेन मालिकेतून बाहेर पडल्या, आणि जोसी हॉटेलच्या एका खोलीत मेली. मरताना तिचा चेहरा टेबलाच्या खणाच्या लाकडी मुठीत अडकलेला दिसतो. लाकडावर जगणाऱ्या गावात एका बाईचा आत्मा लाकडात कोंडला जातो, ही कल्पना मला आजही अस्वस्थ करते. तिचा पाठपुरावा मात्र कुणीही केला नाही.

मग लिंच परतले. शेवटच्या भागाची पटकथा लिहून तयार होती. त्यांनी तिच्यातला परलोकाचा भाग जवळपास बाजूला सारला आणि लाल खोलीतला तो दीर्घ प्रवास सेटवर घडवला. अखेरीस कूपर स्नानगृहात जातो, आरशावर डोके आपटतो, आणि आरशात बॉब असतो. चुकून एका आरशात दिसलेला माणूस शेवटी जाणूनबुजून आरशात उभा केला गेला. “ॲनी कशी आहे?” हे कूपरच्या तोंडचे शेवटचे शब्द आहेत, आणि ज्या ॲनीला घाईने आणल्याची तक्रार मी आत्ताच केली, तिच्या नावाने तिथे अंगावर काटा येतो.

१९९२मध्ये याच कथेवर आलेल्या ‘फायर वॉक विथ मी’ या चित्रपटात पुन्हा माणसे बदलली. लॉराच्या जिवलग मैत्रिणीची, डॉनाची, भूमिका लारा फ्लिन बॉइल यांच्याऐवजी मॉइरा केली यांनी केली. मॅक्लाक्लन यांनी आपला सहभाग मर्यादित ठेवल्यामुळे सुरुवातीच्या तपासासाठी डेस्मंड हा नवा अधिकारी लिहावा लागला, आणि तो एका फिरत्या घराखालची अंगठी उचलायला वाकतो आणि नाहीसा होतो. त्याचे काय झाले, हे मला सर्वाधिक वेळा विचारले जाते. ते कुठेही सांगितलेले नाही.

२०१७मध्ये १८ भागांचे तिसरे पर्व आले, आणि ते सगळे लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केले. तोवर कलाकारांपैकी काही वारले होते, काही निवृत्त झाले होते, काहींनी यायचे नाकारले होते. इथे मला हजेरीचे मोल पुन्हा दिसले. लाल खोलीतला नाचणारा ठेंगणा माणूस साकारणारे मायकेल अँडरसन परतले नाहीत; त्या जागी एक निष्पर्ण झाड आले, टोकाला मांसाचा बोलणारा गोळा असलेले. १९९२च्या चित्रपटात छोटी भूमिका केलेले गायक डेव्हिड बोवी जानेवारी २०१६मध्ये गेले. त्यांचे पात्र आता वाफ सोडणारे एक किटलीसारखे यंत्र झाले. शेरीफ हॅरी ट्रूमनची भूमिका करणारे मायकेल ऑन्टकीन अभिनयातून निवृत्त झाले होते, म्हणून हॅरीचा भाऊ फ्रँक आणला, आणि त्यासाठी रॉबर्ट फॉर्स्टर यांना बोलावले. मूळ मालिकेच्या वेळी हॅरीच्या भूमिकेसाठी आधी फॉर्स्टर यांनाच विचारले होते, पण तेव्हा ते दुसऱ्या मालिकेला बांधलेले होते. हॅरी कुठेतरी आजारी आहे, फ्रँक त्याच्याशी फोनवर बोलतो, आणि दुसऱ्या टोकाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

कायम एक लाकडी ओंडका कवेत घेऊन फिरणाऱ्या गावातल्या ओंडकाधारी बाईची भूमिका करणाऱ्या कॅथरिन कुल्सन यांनी आपली दृश्ये दिली तेव्हा त्यांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात होता, आणि त्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर २०१५मध्ये, त्यांचे निधन झाले. त्या पूर्वीसारख्या गावात फिरत नाहीत, कारण फिरणे शक्य नव्हते. त्या घरात बसून शेरीफच्या हाताखालच्या हॉकला फोन करतात. नाकाला प्राणवायूची नळी आहे, केस विरळ झाले आहेत, मांडीवर तोच ओंडका आहे. आपण मरत आहोत, असे त्या त्याला सांगतात, आणि मायकेल हॉर्स हॉक म्हणून जे ऐकतो, त्यात पात्र कुठे संपते आणि जुना सहकारी कुठे सुरू होतो, हे मला वेगळे करता आलेले नाही. तो तिला शुभरात्री म्हणतो. फोन बंद झाल्यावर तो थोडा वेळ तसाच बसून राहतो, आणि कॅमेराही त्याच्यासोबत थांबतो.