दोन दुकानं आणि एक पिशवी

आमचं फरसाणाचं मूळ दुकान निपाणीत, दुसरं कागलला. मध्ये अर्ध्या तासाचा हायवे आणि राज्याची हद्द.

मार्च 2016 मध्ये कर्नाटकानं प्लास्टिकच्या कॅरीबॅग सरसकट बंद केल्या, जाडी कितीही असो. आदेश कन्नडात. शेजारच्या किराणावाल्यांची मुलगी कन्नड माध्यमात नववीला होती, तिनं काउंटरपाशी उभं राहून वाचून दाखवला. पिशव्या, ताटं, कप, चमचे, थर्माकोल... यादी वाढत गेली तसे बाबा माळ्याकडे बघायला लागले. वर चार पोती पिशव्या पडल्या होत्या.

मी म्हटलं, कागलला खपवू. महाराष्ट्रात 50 मायक्रॉनच्या वरची पिशवी चालत होती, आमची जाडच होती. मग दोन वर्षं निपाणीत कागदी पुडा आणि कागलला प्लास्टिक. निपाणीचं गिऱ्हाईक तर बिनदिक्कत म्हणायचं, “कागलातली पिशवी द्या की!”

सिक्कीमनं 1998 मध्ये, हिमाचलनं 2009 मध्ये पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा आम्हाला वाटलं, डोंगरातली गोष्ट आहे. कर्नाटकानंतर तरी शहाणं व्हायला हवं होतं.

23 मार्च 2018 ला महाराष्ट्राची बंदी आली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. मी निवांत होतो. निपाणीत तोवर आम्ही नॉन-वोव्हनवर, म्हणजे कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांवर गेलो होतो, कुणी हटकलं नव्हतं. तोच माल कागलला आणला. पण दोन्ही राज्यांच्या याद्या ताडून बघितल्या नाहीत, तिथं चुकलो. महाराष्ट्राच्या यादीत नॉन-वोव्हनही होती.

पथक आलं तेव्हा आमच्या पोऱ्यानं ऐटीत पिशवी पुढं केली, “कापडी आहे, साहेब.” साहेबांनी काडी ओढून कडेला लावली. कापड जळून राख होतं. ही आकसली आणि काळे थेंब टपकायला लागले. पहिल्या गुन्ह्याची 5,000 ची पावती! दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

तेव्हापासून शेजारच्या राज्यात काही बंद झालं की मी नवी ऑर्डर थांबवतो. 1 जानेवारी 2019 पासून तमिळनाडूत बंदी लागू झाली, तेव्हा प्लास्टिकच्या चमच्यांची ऑर्डर रद्दच केली. चिवड्याबरोबर चमचा कशाला लागतो, हे बाबा आधीपासूनच विचारत होते.

1 जुलै 2022 पासून केंद्राची बंदी देशभर लागू झाली. पुढे 60 जीएसएमच्या (चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाच्या) वरची नॉन-वोव्हन महाराष्ट्रातही चालायला लागली. आता तीच पिशवी कागलला खुंटीवर लटकते. बाबांनी दंडाची पावती गल्ल्यामागे चिकटवलीय, लॅमिनेट करून.