वर्नवर्थच्या वेशीवर फ्रेम का कोसळतात?

२२ मार्च २०२४ला आलेला 'ड्रॅगन्स डॉग्मा २' हा व्हिडिओ गेम रानात बरा चालायचा, त्यातल्या वर्नवर्थ शहरात शिरलं की अडखळायचा: फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, कमी व्हायच्या. भार प्रोसेसरवर होता: प्रत्येक पात्राच्या हालचालीचं गणित तिथंच होतं. त्यामुळे रिझोल्यूशन उतरवून शहरात फारसा फरक पडत नाही. फ्रेमवर मर्यादा नसतानाही ग्राफिक्स कार्ड ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर अडलंय प्रोसेसरपाशी. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा असेल तर फ्रेम सेकंदाला ४०वर बांधा; १२०ला ४०नं पूर्ण भाग जातो. दर २५ मिलिसेकंदांनी एक, म्हणजे हिसके कमी.

आणि ७० डॉलरला आलेल्या या एकट्यानं खेळायच्या गेमवर खऱ्या पैशांत वरकड वस्तूंची विक्री! रूप बदलायचं पुस्तक विकत कशाला? खेळातच ५०० रिफ्ट क्रिस्टलला (हे खेळातलं चलन) मिळतं.