आयरेटक्यूवरच फॉल्ट: कर्नलच्या दारातली नोंद

सोलापूरच्या हौशी कर्नलवाल्यांसाठी (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) या आठवड्याची प्रगती: सिगरिटर्नमधून (सिग्नल हाताळून झाल्यावर परतायचा सिसकॉल, म्हणजे कर्नलला घातलेली हाक) खोटं सीएस (कोड कुठल्या सेगमेंटमधला, कुठल्या अधिकाराचा ते सांगणारं रजिस्टर) घुसवलं, तरी आता फक्त तो प्रोग्रॅम मरतो, कर्नल उभा राहतो.

दुखणं असं. कर्नलमधून युजर प्रोग्रॅमकडे बाहेर पडताना रजिस्टर भरून झाले, स्वॅपजीएस (कर्नलचं आणि युजरचं जीएस अदलाबदल करणारी सूचना) झालं, उरली आयरेटक्यू, युजरकडे परत नेणारी सूचना. ती स्टॅकवरून आरआयपी (सूचनेचा पत्ता), सीएस, आरफ्लॅग्ज (फ्लॅग बिट), आरएसपी (स्टॅकचा पत्ता), एसएस (स्टॅकचा सेगमेंट) असे ४० बाइट उचलते. सिलेक्टर (सीएस-एसएसमधला सेगमेंटचा क्रमांक) चुकीचा असला की १३ नंबरचं एक्सेप्शन, म्हणजे प्रोसेसरने उठवलेला फॉल्ट. डिस्क्रिप्टर (त्या सेगमेंटची नोंद) 'हजर' नसला तर सीएससाठी ११, एसएससाठी १२. तिन्ही येतात ते रिंग ० मध्येच (कर्नलची पातळी; युजरची रिंग ३). हँडलर सेव्ह झालेलं सीएस बघतो, ते कर्नलचं निघतं, म्हणून स्वॅपजीएस टाळतो. पण जीएस तर केव्हाच युजरचं झालेलं! जीएसवरून चालू थ्रेडचा पॉइंटर वाचायला गेलं की पेज फॉल्ट, आणि तिथून ट्रिपल फॉल्ट (फॉल्ट हाताळतानाच फॉल्टवर फॉल्ट). लिनक्समध्ये १२ नंबरवरची अशीच गफलत २०१४ मध्ये उघड झाली होती (सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१४-९३२२).

खऱ्या मशीनवर ट्रिपल फॉल्ट म्हणजे गुपचूप रीबूट. आपल्याकडे लाइट डोळा मारून गेली तरी नेमकं तेच दिसतं! म्हणून आधी क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) 'नो-रीबूट' आणि 'डी इंट' (एक्सेप्शन लॉगमध्ये लिहिणारा पर्याय) लावूनच बघा. चाचणीत सीएस हेक्स ४३ दिलं. आपली जीडीटी (डिस्क्रिप्टरचा तक्ता) हेक्स ३७ ला संपते, त्यामुळे लॉगमध्ये १३ नंबर आणि एरर कोड हेक्स ४० दिसायला हवा (खालचे दोन बिट गळतात).

इलाज: सीएसवर भरवसा नको, आरआयपी तपासा. सेव्ह झालेला आरआयपी आयरेटक्यूच्या लेबलशी जुळला, तर आधी स्वॅपजीएस. मग सेव्ह झालेल्या आरएसपीपासूनचे ४० बाइट थ्रेडच्या कर्नल स्टॅकच्या टोकाला कॉपी करून, फॉल्ट युजरमधूनच आला असं समजून सिगसेगव्ह (प्रोग्रॅम मारणारा सिग्नल) पाठवा. बाकीचे रजिस्टर तेव्हा युजरचेच असतात, ते जपा. लेबल आयरेटक्यूच्या पुढच्या ओळीवर ठेवलं तर कधीच जुळणार नाही, कारण फॉल्टमध्ये आरआयपी त्याच सूचनेकडे बोट दाखवतो. अख्ख्या कर्नलमध्ये युजरकडे जाणारी आयरेटक्यू एकच ठेवा. दुसरी कुठेतरी राहून जातेच. आणि सिग्नलची फ्रेम बांधताना सीएस हेक्स २३, एसएस हेक्स १बी हे स्वतः भरा, नाहीतर तेच नासकं सीएस घेऊन कर्नल पुन्हा त्याच दारात.

एक छुपा चोर: एनटी फ्लॅग (आरफ्लॅग्जमधला १४ नंबरचा बिट). युजरने तो लावून सिसकॉल केला, तर सिलेक्टर धडधाकट असूनही आयरेटक्यू १३ देते, एरर कोड ०. एफमास्कमध्ये (सिसकॉलच्या वेळी कोणते फ्लॅग बिट पुसायचे ते ठरवणारं रजिस्टर) हेक्स ४४७०० घाला. त्यात ८, ९, १०, १४ आणि १८ हे बिट येतात.

सिसरेट (सिसकॉलवरून युजरकडे परतायची सूचना) मात्र बाकी आहे, आणि ते जास्त वाईट. आरसीएक्समध्ये (परतीचा पत्ता तिथे असतो) नॉन-कॅनॉनिकल, म्हणजे प्रोसेसरला अमान्य पत्ता असला, तर इंटेलवर फॉल्ट रिंग ० मध्ये येतो, तोही युजरचा आरएसपी लोड झाल्यावर. एएमडीवर रिंग ३ मध्ये गेल्यावर. तूर्त ४७ किंवा वरचा बिट लागलेला दिसला की वाट आयरेटक्यूकडे वळवली आहे. युजर जागेचं शेवटचं पेजही एममॅपला (मेमरी मागायचा सिसकॉल) बंद केलंय: सिसकॉलची सूचना २ बाइटची, ती अगदी काठावर बसवली की परतीचा पत्ता आपोआप हद्दीबाहेर जातो.